पत्ता कुणी लिहून ठेवायचा?

ठाणे-बेलापूर रस्त्याकडेचा कोपरखैरणे, घणसोली, महापे हा पट्टा एकेकाळी नोसिलसारख्या रासायनिक कारखान्यांसाठी ओळखला जाई. आज त्याच पट्ट्यात धीरूभाई अंबानी नॉलेज सिटी आहे, रिलायन्स कॉर्पोरेट पार्क आहे, महापेत मिलेनियम बिझनेस पार्क आणि डेटा सेंटरं आहेत. उत्तरेला ऐरोलीत सॉफ्टवेअर कंपन्यांच्या इमारती, दक्षिणेला बेलापुरात स्टेट बँकेचं ग्लोबल आयटी सेंटर. नोव्हेंबर 2004 मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाली, आणि माथाडी कामगारांच्या वसाहतींसाठी व छोट्या रो-हाऊसांसाठी माहीत असलेल्या कोपरखैरण्यात पाठीला लॅपटॉपची बॅग लावलेल्यांचीही गर्दी वाढू लागली.

या गर्दीतल्या अनेकांची रोजीरोटी ज्या डेटाबेसवर चालते, तो त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला नसतो. तो शेजारच्या डेटा सेंटरमध्ये असेल, चेन्नईत असेल, नाहीतर एखाद्या परदेशी ग्राहकाच्या तळघरात. तिथवर पोचायचं तर आपल्या मशीनला त्याचा पत्ता ठाऊक हवा. हा पत्ता कुणी, कुठे आणि कशा रूपात लिहून ठेवायचा, हा प्रश्न वाटतो क्षुल्लक; पण संगणकांची जाळी उभी राहिली तेव्हापासून तो चर्चेत आहे आणि अजून मिटलेला नाही. आयबीएमच्या डीबीटूमध्ये तो सर्वांत स्पष्ट दिसतो, कारण तिथे पत्ता नोंदवण्याचं काम आजही उघडपणे, हाताने, कमांड लाइनवर करता येतं.

टीममध्ये नवा माणूस आला की त्याच्या हाती एसओपीचं, म्हणजे कामाच्या ठरलेल्या पायऱ्यांचं, पान पडतं. डीबीटू असेल तर त्यावर तीन-चार ओळी असतात. पहिली कमांड ‘कॅटलॉग टीसीपीआयपी नोड’. तिच्यात दूरच्या मशीनला एक टोपणनाव द्यायचं, ‘रिमोट’ या शब्दापुढे त्या मशीनचं होस्टनेम किंवा आयपी पत्ता लिहायचा आणि ‘सर्व्हर’ या शब्दापुढे पोर्ट, जो परंपरेने 50000 असतो. दुसरी ‘कॅटलॉग डेटाबेस’. त्या नोडवरचा अमुक डेटाबेस आपल्याकडे तमुक नावाने ओळखला जाईल, एवढंच ती सांगते. मग ‘टर्मिनेट’, आणि शेवटी ‘कनेक्ट’. नोंदी बघायच्या तर ‘लिस्ट नोड डिरेक्टरी’, पुसायच्या तर ‘अनकॅटलॉग नोड’.

‘टर्मिनेट’ला नवखा माणूस बिचकतो. चालू डेटाबेस बंद पडेल की काय, अशी भीती. प्रत्यक्षात ती कमांड फक्त आपल्या बाजूची पार्श्वभूमीत चालणारी प्रक्रिया संपवते. क्लायंटने डिरेक्टरी एकदा वाचून कॅशमध्ये ठेवलेली असते, ती ताजी व्हावी हा हेतू. नोंद करताच पडद्यावर इशारा येतो की कॅश ताजी होईपर्यंत बदल लागू होणार नाहीत. पण ओळीच्या सुरुवातीला ‘यशस्वी’ दिसलं की पुढचं कोण वाचतो?

खरी गोम वेगळीच आहे. ‘कॅटलॉग’ कमांड कुणालाच काही विचारत नाही. समोरचं मशीन चालू आहे का, त्या पोर्टवर डीबीटू ऐकतोय का, त्या नावाचा डेटाबेस तिथे आहे तरी का, यातलं काहीही ती तपासत नाही. दिलेलं नाव आणि आकडे स्थानिक फाइलीत लिहून मोकळी होते. पाकिटावर सेक्टर 12 ऐवजी 21 लिहिलं म्हणून पेन अडत नाही, तसंच हे. चूक उघडी पडते ती ‘कनेक्ट’ म्हटल्यावर, आणि तेव्हाही तिचं नाव दरवेळी वेगळं.

ही नावं वाचता येणं हे डीबीएचं, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याचं, अर्धं कौशल्य. एसक्यूएल 1013 एन आली तर गडबड आपल्याच दारात आहे: त्या नावाचा डेटाबेस डिरेक्टरीत सापडलेला नाही. एसक्यूएल 1336 एन म्हणजे होस्टनेमचं रूपांतर आयपी पत्त्यात झालं नाही. मशीनपर्यंत जायचा प्रश्नच आला नाही. सर्वांत बदनाम एसक्यूएल 30081 एन. ती फक्त ‘दळणवळण तुटलं’ एवढंच म्हणते, आणि खरा अर्थ तिच्या पोटातल्या आकड्यात असतो. लिनक्सवर 111, विंडोजवर 10061, एआयएक्सवर 79: तिन्हींचा अर्थ एकच, मशीन सापडलं पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. तेव्हा पोर्ट चुकला असेल, इन्स्टन्स, म्हणजे त्या मशीनवरची डीबीटूची स्वतंत्र मांडणी, बंद असेल, किंवा सर्व्हरवर डीबीटूकॉम या व्हेरिएबलमध्ये टीसीपीआयपी लिहायचंच राहिलं असेल. याउलट लिनक्सवर 110 किंवा विंडोजवर 10060 आला, तर बहुधा वाटेतल्या फायरवॉलने पॅकेट गुपचूप गिळलं आहे. पहिल्या प्रकारात डीबीएला फोन करायचा, दुसऱ्यात नेटवर्क टीमकडे टिकीट टाकायचं. हा भेद न कळल्यामुळे टिकीट एका टीमकडून दुसरीकडे टोलवलं जातं आणि त्यात अख्खी दुपार जाते. म्हणूनच ‘आधी टेलनेट मारून बघ’ हे वाक्य प्रत्येक सपोर्ट टीममध्ये ऐकू येतं.

आणखी एक खोच जाळ्यात नाहीच. युनिक्स-लिनक्सवर ही डिरेक्टरी इन्स्टन्सच्या मालकीची असते. एका इन्स्टन्सखाली केलेली नोंद दुसऱ्या इन्स्टन्सला दिसत नाही. त्यामुळे हाताने चालवली की पळणारी स्क्रिप्ट रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालली की, 1013 देते. दोष क्रॉनचा नसतो. तिथे वातावरणच दुसरं असतं. परवानगीचंही तसंच. सर्व्हरवर नोंद करायला सहसा सिसॅडम किंवा सिसकंट्रोल अधिकार लागतो, तर निव्वळ क्लायंट असलेल्या मशीनवर ‘कॅटलॉग नोऑथ’ हे सेटिंग मुळातच मोकळं असतं आणि कुणीही नोंद करू शकतो.

नोडचं टोपणनाव आठ अक्षरांत बसवावं लागतं. डेटाबेसच्या उपनामालाही तीच मर्यादा. आठात भूगोल, प्रकल्प आणि वातावरण कोंबताना ‘एमयूएमपीआरडी1’सारखी अगम्य नावं जन्मतात, पुन्हा त्यात आणि ‘एमयूएमपीआरडी2’मध्ये फरक एकाच आकड्याचा. खरा धोका मात्र उपनामात आहे. एका लॅपटॉपवर ‘सेल्स’ हे उपनाम यूएटीकडे, म्हणजे चाचणीच्या डेटाबेसकडे, बोट दाखवतं आणि शेजारच्या लॅपटॉपवर तेच उपनाम प्रॉडकडे, म्हणजे खऱ्या कामाच्या डेटाबेसकडे. दोन्ही नोंदी नियमात बसतात, दोन्ही जोडल्या जातात, आणि स्क्रिप्ट एका मशीनवरून दुसऱ्यावर गेली की चाचणीसाठी लिहिलेला ‘डिलीट’ खऱ्या ग्राहकांच्या टेबलवर फिरतो. समोर येणारा प्रॉम्प्ट दोन्हीकडे सारखाच.

हा प्रश्न डीबीटूपेक्षा जुना आहे. अर्पानेटच्या काळात जाळ्यातल्या सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच मजकुरी फाइलीत असत. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळी. नवं यंत्र जोडायचं तर त्यांना कळवायचं. ते फाइल सुधारणार. मग बाकीचे तिची प्रत उतरवून घेणार. यंत्रं शेकड्यांत गेली तशी ही पद्धत धापा टाकू लागली. 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टीम, म्हणजे डीएनएस मांडली. तिचं सूत्र असं की नाव आणि पत्ता यांची सांगड ज्याची त्याने आपल्या ताब्यात ठेवायची, आणि विचारणाऱ्याने गरज पडेल तेव्हा विचारायचं. प्रती घरोघर वाटायच्या नाहीत.

या गोष्टीचा एक धागा मुंबईशी जुळतो. भारताचं ‘डॉट इन’ हे डोमेन 1989 मध्ये नोंदलं गेलं आणि पुढची बरीच वर्षं त्याचा कारभार जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे, म्हणजे एनसीएसटीकडे होता. ही संस्था नंतर सी-डॅकमध्ये विलीन झाली. खारघरमध्ये सी-डॅकचं संकुल आहे. ‘डॉट इन’ची नोंदणी 2005 पासून निक्सी या संस्थेच्या अखत्यारीत सर्वांसाठी खुली झाली. देशाची नावांची वही जिथे ठेवली जात होती, त्याच महानगराच्या दुसऱ्या टोकाला नंतर हजारो लॅपटॉपांवर कुणी न सांभाळलेल्या छोट्या डिरेक्टऱ्या साठत गेल्या.

डीबीटू क्लायंटने डीएनएसवरच का भागवलं नाही? कारण तो घडला त्या वेळी टीसीपीआयपी हीच एकमेव भाषा ठरेल याची खात्री कुणाला नव्हती. डीबीटूचं मूळ एडगर कॉड यांच्या 1970 च्या शोधनिबंधात आणि आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेतल्या सिस्टीम आर या प्रकल्पात आहे. मेनफ्रेमवरचा डीबीटू 1983 मध्ये जाहीर झाला. पुढे ओएस-टू, एआयएक्स, विंडोज अशी भावंडं आली, तेव्हा कचेरीतली मशीनं एकमेकांशी चार-पाच तऱ्हांनी बोलत होती. म्हणून जुन्या मॅन्युअलांत ‘कॅटलॉग एपीपीसी नोड’, ‘कॅटलॉग नेटबायोस नोड’, ‘कॅटलॉग आयपीएक्सएसपीएक्स नोड’ असं अख्खं कुटुंब भेटतं. एपीपीसी आयबीएमच्या जगातलं, आयपीएक्स नोव्हेलच्या. यांपैकी बहुतेक शाखा आता खुडल्या गेल्या. टीसीपीआयपी उरला, विंडोजवर नेम्ड पाइप उरला, आणि डोमेन पद्धत आल्यावरही ‘नोड’ ही मधली पायरी तशीच राहून गेली. मेनफ्रेमकडे जायचं असेल तर तिसरी डिरेक्टरीही लागते, डीसीएस नावाची. तिकडचं नेहमीचं पोर्ट 446.

ही पायरी निरुपयोगी मात्र नाही. एका नोडखाली दहा डेटाबेस नोंदलेले असले आणि सर्व्हर दुसऱ्या पोर्टवर हलला, तर एकच नोंद बदलावी लागते. जोडणी कूटबद्ध करायची झाली तर ‘सिक्युरिटी एसएसएल’ हे शब्दही नोडच्याच नोंदीत जोडता येतात; दहा ठिकाणी फिरावं लागत नाही.

इतरांनी काय केलं, तेही पाहण्यासारखं आहे. ओरॅकलने पत्ते एका मजकुरी फाइलीत ठेवले, ‘टीएनएसनेम्स डॉट ओरा’. तिथला लिसनर 1521 वर बसतो. या फाइलीला कमांड लागत नाही, नोटपॅड पुरतो, आणि तोच तिचा शाप. एक कंस कमी पडला तर खालच्या नोंदीही बिघडू शकतात. ती मेलवरून एका टीमकडून दुसरीकडे फिरते, आणि कुणाकडची प्रत ताजी हे कुणालाच सांगता येत नाही. पुढे ओरॅकलने होस्ट, पोर्ट आणि सर्व्हिसचं नाव थेट कनेक्ट करतानाच देण्याची सोय दिली. एलडीएपीतून पत्ता उचलण्याचीही. पोस्टग्रेसने असली डिरेक्टरी सक्तीची केलीच नाही. पत्ता कनेक्शन स्ट्रिंगमध्ये, हवी तर एक सर्व्हिस फाइल. 2017 च्या दहाव्या आवृत्तीपासून एकाच स्ट्रिंगमध्ये अनेक होस्ट देता येतात, आणि पहिला न सापडल्यास क्लायंट पुढच्याकडे जातो.

मायक्रोसॉफ्टने उलट टोक गाठलं: क्लायंटने लिहून ठेवण्यापेक्षा सर्व्हरनेच हाक दिल्यावर ओ द्यावी. एसक्यूएल सर्व्हर 2000 मध्ये यूडीपी 1434 या पोर्टवर एक सेवा बसून असे आणि ‘इथे कोणकोणते इन्स्टन्स आहेत’ या प्रश्नाला उत्तर देई. सोय झकास होती. पण त्या सेवेतच खिंडार निघालं, आणि 25 जानेवारी 2003 रोजी ‘स्लॅमर’ नावाचा किडा त्यातून सुटला. त्याचं अख्खं शरीर 376 बाइटांचं, एका पॅकेटात मावणारं. सुरुवातीला साडेआठ सेकंदांत त्याची संख्या दुप्पट होत होती, आणि दहा मिनिटांत असुरक्षित सर्व्हरांपैकी सुमारे 90 टक्के त्याने गाठले. दक्षिण कोरियात इंटरनेट कोलमडलं, बँक ऑफ अमेरिकाची हजारो एटीएम अडली. दुरुस्तीचा पॅच आधीच निघालेला होता, तो बसवलेला नव्हता, हेही खरं. तरीही ‘कुणीही विचारा, मी सांगतो’ म्हणणारी सेवा केवढी महाग पडू शकते, हे त्या शनिवारी दिसलं. डीबीटूतही आसपासचे सर्व्हर हुडकून काढण्याची सोय होती. सावध डीबीए तिचं ‘डिस्कव्हर’ हे सेटिंग बंद ठेवत.

मग खिडक्या आणि बटणांचं काय झालं? डीबीटूकडे ‘कॉन्फिगरेशन असिस्टंट’ नावाचं देखणं साधन होतं. क्लिक करत गेलं की नोड, डेटाबेस, ओडीबीसीचा डीएसएन, सगळं नोंदून मिळे. शेवटी ‘टेस्ट कनेक्शन’चं बटणही. आयबीएमने 9.7 या आवृत्तीत ते कालबाह्य ठरवलं आणि 2012 च्या 10.1 मध्ये काढून टाकलं. कमांड टिकली. यामागे हळवेपणा नाही, साधा व्यवहार आहे. बटण दाबलेलं दुसऱ्याला दाखवता येत नाही. चार ओळी मात्र फाइलीत ठेवता येतात, तपासता येतात, दोनशे मशीनांवर एकसारख्या चालवता येतात. ऑडिटवाल्याने ‘हे कुणी, कधी बदललं’ असं विचारलं तर त्या फाइलीच्या इतिहासातून उत्तर देता येतं. कमांड लाइन जुनाट आहे म्हणून ती टाळणारे याच ठिकाणी चुकतात.

चूक असलीच तर ती ‘रिमोट’ या शब्दापुढे काय लिहिलं जातं, त्यात असते. घाईत आकडी आयपी पत्ता लिहिला जातो. का, तर डीएनएसमध्ये नोंद व्हायला आठवडा लागतो आणि डिलिव्हरी उद्या असते. हा शॉर्टकट वर्षानुवर्षं चालतो, आणि मग डीआर ड्रिलचा, म्हणजे आपत्तीच्या वेळी दुसऱ्या केंद्राकडे जाण्याच्या सरावाचा, दिवस उजाडतो.

मुंबई परिसरातल्या वित्तसंस्थांना हे दिवस ठाऊक आहेत. मुख्य केंद्र इथे आणि दुसरं दूरच्या, वेगळ्या भूकंपक्षेत्रातल्या शहरात ठेवायचं, अधूनमधून कामकाज तिकडे हलवून दाखवायचं, ही शिस्त नियामकांनी घालून दिली आहे. ती नुसती कागदी नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी कळवा-पडघा भागातल्या 400 केव्ही वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईतली वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. कळवा कोपरखैरण्यापासून काही स्टेशनांच्याच अंतरावर. 24 फेब्रुवारी 2021 ला राष्ट्रीय शेअर बाजाराच्या दूरसंचार जोडण्या डळमळल्या आणि व्यवहार पावणेबाराच्या सुमारास थांबले ते दुपारी पावणेचारला सुरू झाले; त्या दिवशी कामकाज डीआर केंद्राकडे का नेलं गेलं नाही, यावर पुढे बराच काथ्याकूट झाला.

डेटाबेस दुसऱ्या शहरात उभा करणं हे अर्धंच काम. त्याला शोधणाऱ्या शेकडो क्लायंटांना नवा पत्ता कोण सांगणार? जिथे आकडी आयपी कोरलेला आहे, तिथे एकेका मशीनवर ‘अनकॅटलॉग’ आणि पुन्हा ‘कॅटलॉग’. होस्टनेम लिहिलेलं असेल तर डीएनएसमधली एक नोंद बदलली की काम झालं, अर्थात तिची टीटीएल, म्हणजे जुनं उत्तर किती वेळ वापरायचं ती मुदत, आधीच कमी करून ठेवली असेल तर. डीबीटूनेही 2004 च्या 8.2 आवृत्तीत एचएडीआर या राखीव प्रत तयार ठेवण्याच्या सोयीबरोबर आपला मार्ग काढला. सर्व्हरवर ‘अपडेट अल्टरनेट सर्व्हर’ ही कमांड चालवायची. क्लायंट एकदा जोडला गेला की पर्यायी पत्ता तो आपणहून शिकतो आणि मुख्य मशीन पडलं की तिकडे वळतो. यातली फट पहिल्या जोडणीत आहे. जो क्लायंट आधी कधी जोडलाच गेला नव्हता, त्याला पर्याय ठाऊक नसतो, आणि ऐन संकटात नव्याने उभं केलेलं मशीन नेमकं तसंच असतं. ड्रिलमध्ये ही उणीव क्वचितच सापडते, कारण ड्रिलला बसणारी मशीनं आदल्या दिवशीपर्यंत जोडलेली असतात.

अलीकडे डिरेक्टरीला बगल देणारा एक रस्ता रुळतो आहे. पूर्ण क्लायंट न बसवता नुसता ड्रायव्हर ठेवायचा आणि पत्ते ‘डीबीटूडीएसड्रायव्हर’ नावाच्या एक्सएमएल फाइलीत लिहायचे. तिच्यातही नोंद करायला ‘डीबीटूसीएलआय राइटसीएफजी’ ही कमांड आहे. जावाचे बहुतेक प्रोग्राम तर स्वतःच्या यूआरएलमधून थेट जातात, डिरेक्टरीकडे बघतही नाहीत. त्यामुळे एकाच मशीनवर पत्ता तीन ठिकाणी असू शकतो: कॅटलॉगमध्ये, एक्सएमएलमध्ये आणि ॲप्लिकेशनच्या प्रॉपर्टीज फाइलीत. दोन बदलले, तिसरा राहिला, की सकाळी रिपोर्ट येतो पण आकडे कालच्या सर्व्हरचे. या घडीला सर्वांत वैतागवाणा गोंधळ हाच आहे, आणि त्यावर कोणत्याही विक्रेत्याने नेटका तोडगा दिलेला नाही. प्रत्येक टीम आपापली स्क्रिप्ट लिहिते: एका ठिकाणी नाव-पत्त्यांची यादी, तिच्यातून तिन्ही फाइली तयार, आणि प्रत्येक नोंदीनंतर लगेच ‘कनेक्ट’ करून पडताळणी. या शेवटच्या पायरीला पाच सेकंद लागतात, आणि एसओपीत तीच बहुतेक वेळा नसते.

क्लाउड आल्यावर हा खटाटोप संपेल, असं पुष्कळांना वाटत होतं. ॲमेझॉनचा मुंबई विभाग जून 2016 मध्ये सुरू झाला, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये ॲमेझॉनने आपल्या आरडीएस सेवेत डीबीटूही आणला. तिथे ग्राहकाला मशीन दिसत नाही. मिळतो तो एक लांबलचक एंडपॉइंट आणि पोर्ट. मूळ प्रत बिघडली की दुसरी तिची जागा घेते, आयपी बदलतो, नाव तेच राहतं. डीबीटूचा क्लायंट वापरायचा तर हे नाव अजूनही ‘कॅटलॉग टीसीपीआयपी नोड’मध्ये ‘रिमोट’च्या पुढे लिहावं लागतं, आणि त्याच्या आधी आठ अक्षरांचं टोपणनाव. कुणी घाईत त्या नावाऐवजी त्या क्षणीचा आयपी लिहिला, तरी कमांड आजही ‘यशस्वी’च म्हणते.